वेंडलरला घर लागतं

१

प्लांटमध्ये माझं काम ऐकण्याचं आहे. रोलिंग मिलच्या मोटारी, पंप, मोठे पंखे यांच्या बेअरिंगचा कंप तपासायचा आणि बेअरिंग निकामी व्हायच्या आधी सांगायचं, हे बदला. आता त्याला यंत्रं आली. मी नोकरीला लागलो तेव्हा लांब स्क्रूड्रायव्हर होता. टोक बेअरिंगवर, मूठ कानाला. माझा जीव अजूनही त्यावरच. खात्यात नवीन कोणी आलं की मी एवढंच सांगतो, की आवाज येतो तो कशापासून तरी येतो आणि जातो तो कुठं तरी जातो. मधल्यामध्ये हरवत नाही.

भिलाईच्या कोहका भागातलं आमचं घर तसं आवाजाचंच घर. माझी बायको कांता विहारातल्या महिला मंडळात भीमगीतं म्हणायची. माईक नसला तरी तिचं अडत नसे. पोरगी साक्षी बारावीत होती. ती हसली की कोपऱ्यावरचा किराणावाला मला दुसऱ्या दिवशी विचारायचा, "काल क्या चुटकुला हुआ, विजयकुमार भैया?" शाळेतल्या सिस्टरनं तिला की-बोर्ड शिकवला होता आणि आता तिला खरा पियानो हवा होता. खरा पियानो भिलाईत कुठून आणायचा?

तो जवळच्याच बोरसीत निघाला. शेषराव नावाचे एक म्हातारे गृहस्थ. रशियन लोक प्लांट उभारत होते त्या काळात ते त्यांच्या दुभाष्यांच्या ऑफिसात होते. परत जाताना एका रशियन इंजिनिअरनं आपल्या घरचा पियानो त्यांना देऊन टाकला होता. आता शेषरावांना तो कोणाला तरी द्यायचा होता. विकायचा नव्हता, द्यायचा होता.

"फुकटात कोण देते एवढी वस्तू?" मी कांताला म्हणालो.

"तुमाले तं देवबाप्पानं देल्लं तरी शंकाच येईन," ती म्हणाली. "पाहून तं या."

आम्ही तिघंही गेलो. दाराची बेल दाबली. आत वाजल्याचं काही ऐकू आलं नाही. लाइट गेली असेल असं मी म्हणतो तोच शेषरावांनी दार उघडलं. हॉलमध्ये पंखा फिरत होता.

त्या घरात काहीतरी मला खुपलं, पण काय ते कळेना. शेषरावांनी आमच्यासाठी खुर्च्या ओढल्या. त्यांची बायको ठकूबाई पाण्याचा ट्रे घेऊन आली आणि तिनं तो काचेच्या टेबलावर ठेवला. ती काही बोलली नाही. मी नमस्कार केला, तिनं मान हलवली. अर्धांग वगैरे झालं असेल असं मला वाटलं. मग माझ्या ध्यानात आलं, की खुर्ची फरशीवर ओढली आणि ट्रे काचेवर ठेवला, पण मी दोन्ही नुसतं पाहिलं होतं.

पियानो भिंतीला लागून उभा होता. काळपट तपकिरी, झाकणावर सोनेरी अक्षरांत नाव. साक्षीनं झाकण उघडून मधल्या भागातली एक पट्टी दाबली.

आता हे कसं सांगावं? तोवर मी पियानो मोबाइलवरच ऐकला होता. हा स्वर आला तो तारेवर ठोका पडल्यासारखा आलाच नाही. कोणीतरी ओठ मिटून गुणगुणावं तसा आला, छातीतून. साक्षीनं बोट उचललं. स्वर थांबला, पण लगेच नाही. जाताना मागं वळून बघावं तसा थोडा रेंगाळला.

कांताच्या डोळ्यांत पाणी होतं. शेषराव भिंतीकडं तोंड करून उभे होते.

"घेऊन जा," ते म्हणाले. "आजच जमत असन तं आजच. माह्या मनात फिरून काही यायच्या आधी."

ठकूबाई साक्षीकडं पाहत होती. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि मान जोरजोरात नाही-नाही अशी हलवली. शेषराव मला घाईनं म्हणाले, "तिले सवय झाली ना त्याची. म्हून."

२

पियानो घरी आला. तो सुरात लावणारा बिलासपूरला सापडला. लेस्ली नाव, रेल्वेतून रिटायर झालेला अँग्लो-इंडियन, हातात चामड्याची जुनी पेटी. झाकणावरचं नाव पाहून त्यानं आधी टोपी काढली.

"वेंडलर. जर्मनी का, लाइपझिग का. ज़िंदगी में एक देखा था, ये दूसरा."

तो काम करता करता बोलत राहिला आणि साक्षी त्याच्या शेजारी मांडी घालून ऐकत राहिली. मोठे कारखाने सभागृहांसाठी पियानो करायचे. लांबच्या रांगेपर्यंत पोचेल असा उजळ, ठसठशीत आवाज त्यांना हवा असायचा. वेंडलर मंडळींनी सभागृहासाठी एकही केला नाही. बाप, मुलगा, नातू, तिघांनी फक्त घरांसाठी केले. डोंगराच्या थंडीत हळूहळू वाढलेल्या झाडाचं लाकूड, ज्याच्या रेषा एकमेकींना चिकटून असतात, ते घ्यायचे. ते कापून वर्षानुवर्षं माळ्यावर वाळत ठेवायचे. माळा कारखान्याचा नाही, राहत्या घराचा. खाली चूल, पोरंबाळं, भांडणं, आणि वर फळ्या.

"क्यों?" साक्षीनं विचारलं.

"वो कहते थे, लकड़ी को सुनने दो." लेस्लीनं खालचं पॅनल काढून तारांच्या मागची मोठी फळी दाखवली. मधाच्या रंगाची. तिच्यावर बोटाची पेरं हळूच वाजवून तो म्हणाला, "टोन बाद में आता है. वेंडलर को घर चाहिए."

मी विचारलं, "म्हणजे काय?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग स्वयंपाकघराकडं, जिथं कांता गात गात पोहे करत होती. "अभी थोड़ा बंद है," तो म्हणाला. "इतने साल खाली घर में पड़ा था ना."

"रिकामं नव्हतं. दोघं राहतात तिथं."

"अच्छा?" तो म्हणाला आणि हत्यारं पुसायला लागला. जाताना फाटकाशी थांबून त्यानं साक्षीला पियानो ओला कपडा लावून पुसू नकोस म्हणून सांगितलं. मला काही तरी सांगायचं त्याच्या ओठावर आलं होतं असं मला वाटलं. पण मला तसं नेहमीच वाटतं.

३

सुरुवात कुकरपासून झाली.

पहिल्या पाळीहून आलो, हातपाय धुऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. कुकरची शिट्टी वर उठली. वाफेचा पांढरा फवारा वर गेला, शिट्टी थरथरली, परत बसली. आवाज आला नाही.

"शिट्टी खराब झाली," मी म्हणालो.

"झाली ना शिट्टी," कांता म्हणाली. तिनं गॅस बारीक केला.

"मले ऐकू नाही आली."

"तुमचे कान प्लांटात गेले."

हे शक्य होतं. आमच्याकडं जुन्या लोकांचे कान जातातच. मी प्लांटच्या दवाखान्यात कान तपासून घेतले. खोलीत बसवून, हेडफोन लावून, बारीकसारीक सगळे आवाज ऐकवले. मी प्रत्येकाला बोट वर केलं. डॉक्टर म्हणाला, या वयात असे कान क्वचित असतात.

मग मी कुकर उचलून शेजाऱ्यांकडं नेला. खोटं सांगितलं की आमचा गॅस संपला. त्यांच्या शेगडीवर आमच्याच कुकरनं अशी शिट्टी दिली की त्यांचं कुत्रं भुंकलं. घरी आणला, पाणी घालून चढवला. वाफ, थरथर, आणि काही नाही.

मी स्वतःला समजावलं. हवेचा दाब, भिंती, खोलीचा आकार, एक कंप दुसऱ्याला मारतो, अशा गोष्टी असतात. मिलमध्ये दोन मोटारींमधली एक जागा अशी आहे की तिथं उभं राहिलं तर एका मोटारीचा आवाज जवळजवळ पुसला जातो. पण ती जागा हातभर असते. आणि मोटार बंद केली की जाते.

त्या आठवड्यात फाटकाची कडी गेली. मग कूलरची घरघर. कूलर थंड हवा फेकत होता, आतलं पातं फिरत होतं, आणि मी त्याच्यापुढं उभा राहून स्वतःचा श्वास ऐकत होतो.

आणि पियानो गोड होत होता. हे साक्षीच्याही लक्षात आलं होतं. "बाबा, सुनो ना, ये वाला सुर पहले ऐसा नहीं था." ती वाजवायला बसली की गल्लीतून जाणारे लोक थांबायचे. खालचे स्वर घोंगडीसारखे ऊबदार झाले होते. वरचे स्वर काच किणकिणावी तसे, पण टोचत नव्हते. मधल्या स्वरांत मात्र माणूस होतं. प्लांटमध्ये मी एवढी वर्षं आवाज ऐकून नाव सांगत आलो, इथं मला दुसरा शब्द सापडला नाही.

"तुले काही वेगळं नाही वाटत?" मी कांताला विचारलं. "घरात?"

"काय वाटाचं हाये?" ती म्हणाली, आणि तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

चोवीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी खोटं बोलते तेव्हा कशी बोलते हे मला ठाऊक आहे.

४

मिलचं शटडाउन होतं. दुपारच्या आत सुटलो. साक्षी शाळेत होती. फाटक उघडून मागच्या दारानं आत आलो. मुद्दाम आलो, हे कबूल करायला हरकत नाही. मला पाहायचं होतं.

स्वयंपाकघरातली मांडणी अर्धी रिकामी होती.

हॉलमधून टण्ण असा आवाज आला. मग परत टण्ण, जरा दबका. मग काही नाही. मी पडद्याआडून पाहिलं. कांता पियानोपुढं फरशीवर बसली होती. खालचं पॅनल तिनं काढून बाजूला ठेवलं होतं. तिच्या एका बाजूला स्टीलची पातेली, ताटं, डबे, लग्नातली पितळी घागरसुद्धा, असं सगळं ओळीनं मांडलेलं. तिनं एक पातेलं उचललं, त्या मधाच्या रंगाच्या फळीजवळ धरलं आणि पळीनं वाजवलं. छान वाजलं. पुन्हा वाजवलं, कमी वाजलं. ती वाजवत राहिली, आणि पळी पातेल्यावर आपटताना मला दिसत होती पण ऐकू येत नव्हती. ते पातेलं तिनं दुसऱ्या बाजूला, निवडलेल्या भाजीसारखं, ठेवून दिलं. तिथं आधीच मोठा ढीग होता.

मग ती उठली आणि एका बोटानं एक पट्टी दाबली. डोळे मिटले.

"कांता."

ती दचकली नाही. "आले का तुम्ही? ऐका ना," ती म्हणाली. "इकडं या. ऐका तं खरं."

"हे काय करून राहिली तू?"

"भांड्याले आवाज पायजेच कशाले? सांगा बरं. भात तं तसाच शिजते ना." ती हसत होती, लहान मुलगी चोरून गोड खाताना सापडावी तशी. "मले पहिल्या दिवशीच समजलं. तुमाले कावून सांगू? तुम्ही लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले असते. एवढं गोड या घरात कधी काही होतं का? माह्या जन्मात होतं का?"

"आणि भांडी संपल्यावर?"

तिनं पुन्हा पट्टी दाबली. आणि खरं सांगतो, पुढचं बोलायचं सोडून मीही तो स्वर पुरता संपेपर्यंत थांबलो.

मग मला एक गोष्ट आठवली. कांता बऱ्याच दिवसांत गायली नव्हती.

"तू गात कावून नाहीस आता?"

तिनं खांदे उडवले. "म्हणतो की. निघत नाही."

५

मी तडक बोरसीला गेलो. या वेळी बेल वाजली. चांगली कर्कश वाजली. शेषरावांनी दार उघडलं तेव्हा बिजागरी कुरकुरली. घर बदललं होतं. बाथरूममधला नळ टपकत होता, वरच्या मजल्यावर कोणी तरी पाय आपटत होतं. साधं, गजबजलेलं घर.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

शेषराव खुर्चीत बसले. ते खूप वाळले होते.

"कसा हाये तो?" त्यांनी विचारलं.

"मी काय विचारून राहिलो आणि तुम्ही काय विचारता?"

"मी तं देल्ला नसता साहेब. हिनंच... हिनं जेवण सोडलं होतं. पियानो जात नाही तोवर खात नाही म्हणून बसली. मग काय करता?" ते खुर्चीतून पुढं वाकले. "एकदा ऐकाले येऊ का? मी काही बोलणार नाही. दाराजवळ बसतो. वरच्या मधल्या सुराजवळ हिचा... तिथं हिचं लग्नातलं बोलणं हाये. नवीन होतो आम्ही तवा. मले त्याच्याशिवाय झोप लागत नाही."

आतून ठकूबाई आली. ती इतक्या जवळ आली की मी मागं सरकलो. तिनं माझं मनगट धरलं. मग स्वतःच्या गळ्यावर बोट टेकवलं आणि तोंड उघडलं. तिची जीभ हलत होती, छाती भरत आणि रिकामी होत होती. घोगरं नाही, कण्हणं नाही, काहीच बाहेर येत नव्हतं. मग तिनं माझ्या खिशातल्या मोबाइलकडं बोट दाखवलं. मला कळेना. तिनं तो स्वतःच काढून माझ्यापुढं धरला. पडद्यावर साक्षीचा फोटो होता.

तिनं त्या फोटोवर बोट ठेवलं आणि मला दाराकडं ढकललं.

६

गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा पियानो ऐकू येत होता. आणि साक्षी गात होती. शाळेच्या कार्यक्रमाला बसवलेलं गाणं, वाजवत वाजवत, मोकळ्या गळ्यानं. मी स्कूटर तशीच टाकून धावलो.

"साक्षी! गाऊ नको! उठ तिथून!"

ती माझ्याकडं वळली. घामानं भिजलेला, एका पायात चप्पल नसलेला बाप दारात उभा, हे पाहून तिला हसू फुटलं. तिचं ते गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाणारं हसू. ते निघालं, अर्ध्यावर आलं आणि रेडिओ बंद करावा तसं थांबलं.

ती हसतच होती. खांदे हलत होते, दात दिसत होते. मग तिला स्वतःलाच ते ऐकू येईना. तिचा हात गळ्याकडं गेला.

रायपूरला नेलं, नागपूरला नेलं. गळ्यात नळी घालून पाहिलं. सगळं ठीक आहे म्हणाले. स्वरतंतू हलतात, हवा येते. एका डॉक्टरनं तिला बाहेर बसवून आम्हाला विचारलं, घरात काही ताण आहे का? मुलगी मुद्दाम बोलत नसेल असं नाही का वाटत? कांतानं माझ्याकडं पाहिलं. मी कांताकडं पाहिलं. आम्ही दोघांनीही ताण नाही म्हणून सांगितलं.

परत आलो त्या सकाळी साक्षीनं मोबाइलवर लिहून माझ्यापुढं धरलं: बाबा, तोड़ दो इसे.

"तोडतो," मी म्हणालो. "आत्ताच."

मी मोठा हातोडा आणला. खालचं पॅनल काढलं. पण घाव घालायच्या आधी मी स्क्रूड्रायव्हर घेतला. सवयीनं म्हणा. टोक त्या फळीला लावलं, मूठ कानाला.

पियानोला कोणी हात लावलेला नव्हता. तरी आत चालू होतं. भरल्या घराच्या भिंतीला कान लावावा तसं. भांडी, वाफ, पाण्याचा हंडा भरताना चढत जाणारा आवाज. कांता, मला न कळणाऱ्या शब्दांत काही गुणगुणत. त्याच्या खाली एक लहान मूल कुठल्या तरी परक्या भाषेत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होतं, हाक मारल्यासारखं. आणि त्या सगळ्यांच्या अलीकडं, अगदी फळीच्या कडेला, नुकतीच आत आलेली असावी अशी, साक्षी.

मी स्क्रूड्रायव्हर काढला. हातोडा उचलला. खरंच उचलला.

तेव्हा कांतानं पट्टी दाबली.

शब्द नव्हते त्यात. मी शपथेवर सांगू शकणार नाही की ते हसूच होतं. पण स्वराच्या शेवटी तो जिथं रेंगाळतो तिथं एक उसळी होती, आणि ती उसळी मी तिच्या पाळण्यापासून ओळखत होतो.

"फोडा," कांता म्हणाली. तिचाही आवाज आता कागद सरकावा तेवढाच राहिला होता. "फोडला तं ती कुठी जाईन, ते मले सांगा, आणि फोडा."

मी तीस वर्षं लोकांना सांगत आलो की आवाज कुठं तरी जातो. हातोडा माझ्या हातून सुटला. फरशीचा टवका उडाला. तो उडताना मला दिसला.

साक्षी दारात उभी होती. तिनं ते सगळं पाहिलं, मग आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

७

मी लेस्लीला बोलावलं. हा तुम्ही घेऊन जा, असं सांगायचं ठरवून बोलावलं. तो बसला, दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले, काही तरी संथ वाजवलं आणि मध्येच थांबला. रुमालानं डोळे पुसले.

"अब खुला है," तो म्हणाला.

"तुम्ही मला सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

"क्या सांगतो?" तो आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला. "आप मानते?" मग पियानोकडं पाहत हळूच म्हणाला, "ले जाऊँ? गाड़ी का बंदोबस्त हो जाएगा."

मी हो म्हणायला तोंड उघडलं. कांता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. "राहू द्या," मी म्हणालो. हे मीच म्हणालो.

त्याला आश्चर्य वाटलं नाही. त्यानं पेटी आवरली आणि या वेळी फाटकाशी थांबला नाही.

साक्षीनं पियानोला पुन्हा हात लावला नाही. ती पास झाली, चांगली पास झाली. नागपूरला कॉम्प्युटरच्या कोर्सला तिनं स्वतःच अर्ज केला, हॉस्टेल शोधलं, आणि ठरल्यावर मला मोबाइलवर लिहून दाखवलं. लिहायचीसुद्धा ती आता थोडक्यात. मी काही विचारलं की आधी माझ्या तोंडाकडं बघायची, मी काही तरी लपवतोय आणि ते ओठांवर दिसेल अशा नजरेनं. तिला मी दोष देत नाही. त्या दिवसांत मी ड्यूटीवरून आलो की कपडे न बदलता पियानोपुढं बसायचो. शिकायला लागलो होतो. साक्षीच्या शाळेतल्या सिस्टरला खोटंच सांगितलं की रिटायर झाल्यावर काहीतरी छंद हवा. ती म्हणायची, बोट उचला, स्वर सोडा, पुढं चला. मला पुढं जायचं नव्हतं. मला एवढंच शिकायचं होतं की कुठली पट्टी किती जोरानं दाबली की शेवटी ती उसळी नीट येते.

"आज जरा उशिरानं आली," कांता कधी म्हणायची. आम्ही असं बोलायला लागलो होतो. आज बरी आली. आज आली नाही.

साक्षी जायच्या दिवशी दुपारी ऑटो आला. मी तिची बॅग ठेवली. कांतानं डबा दिला, डोक्यावरून हात फिरवला, मिठीत घेऊन रडली, आणि ते रडणंही आता नुसतंच दिसत होतं. मी फाटकाशी उभा होतो. मला पोरीला पुष्कळ काही सांगायचं होतं. फोन करत जा, असं म्हणणार होतो, मग जीभ चावली.

साक्षी ऑटोत बसली. मग बाहेर वाकून तिनं माझ्याकडं पाहिलं. कित्येक दिवसांनी सरळ, संशय नसलेल्या डोळ्यांनी पाहिलं. तिचे ओठ हलले. "येतो बाबा," एवढंच असणार.

आणि माझ्या पाठीमागं, रिकाम्या हॉलमधून, स्वर आला.

आत कोणी नव्हतं. झाकण मीच सकाळी लावलं होतं. स्वर खाली सुरू झाला, वर चढला, आणि शेवटी लांबला, ती "बाबा" म्हणताना शेवट लांबवायची तसा. इतका स्वच्छ तो कधी आला नव्हता. माझ्या बोटांनी तर कधीच नाही.

मी धावलो. पायऱ्या चढून, पडदा बाजूला सारून. गुडघे टेकून लाकडाला कान लावला. अजून थोडा उरला होता. दुसऱ्या बाजूला कांता येऊन वाकली, तिनंही कान लावला. पुरता विरेपर्यंत आम्ही दोघं हललो नाही, एकमेकांकडं पाहिलं नाही.

बाहेर आलो तेव्हा फाटक सताड उघडं होतं. ऑटो गल्लीच्या वळणाशी पोचला होता. साक्षी बाजूनं डोकं बाहेर काढून मागं पाहत होती, जिथं मी उभा असायला हवा होतो त्या जागेकडं. मी हात वर केला. ऑटो वळला.